मूत्रपरीक्षेंतील अनपेक्षित खुणा

प्रकृति ठणठणीत असलेल्या मनुष्याच्या हातीं तपासणीचा एखादा कागद पडावा आणि त्यावरील एका लहानशा अधिक चिन्हानें साऱ्या घराची झोप उडावी, हा अनुभव आजच्या शहरी कुटुंबांत दुर्मिळ राहिलेला नाहीं. समजा, बावीस वर्षांच्या एका तरुणास नोकरी लागली आहे. रुजू होण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असा कचेरीचा नियम. तो सकाळीं धावतपळत गाडी गाठतो, गर्दींत तासभर उभा राहतो, प्रयोगशाळेंत लघवीचा नमुना देतो आणि ती गोष्ट विसरूनही जातो. संध्याकाळीं अहवाल येतो: ‘अल्ब्युमिन, एक अधिक.’ आईचा जीव टांगणीला लागतो. शेजारचे गृहस्थ मूत्रपिंडाच्या विकाराच्या दोन-चार हकीकती सांगून चिंतेंत भर घालतात. ज्याच्या शरीरांत कांहींही दुखत-खुपत नाहीं, तो तरुण एका रात्रींत रोगी बनतो.

याच्या अगदीं उलट प्रकारही तितकाच खरा आहे. साठीकडे झुकलेले, पुष्कळ वर्षें सिगारेट ओढणारे एक गृहस्थ. एके दिवशीं त्यांच्या लघवीला तांबडा रंग येतो. वेदना म्हणून कांहीं नाहीं. ‘उन्हाळी लागली असेल’ असें म्हणून घरांत धने-जिऱ्याचें पाणी दिलें जातें. दोन दिवसांनीं रंग निवळतो, पाण्याचा गुण आला असें सर्वांस वाटतें आणि डॉक्टरांकडे जाण्याचा विचार मागें पडतो.

पहिल्या घरांत भीति अनाठायीं होती, दुसऱ्या घरांत निर्धास्तपणा अनाठायीं होता. दोन्ही चुकांचें मूळ एकच. मूत्रपरीक्षा काय सांगूं शकते आणि काय सांगूं शकत नाहीं, याची स्पष्ट कल्पना त्या घरांतील कोणालाच नव्हती. ती कल्पना येण्यास वैद्यकाचें शिक्षण लागत नाहीं. थोड्या गोष्टी नीट समजून घेतल्या म्हणजे पुरे.

प्रथम या परीक्षेचा विषय जें मूत्र, तें तयार कसें होतें हें पाहूं. प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकांठीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळून काढतात. परंतु त्यांतील बहुतेक सारें पाणी, साखर, क्षार इत्यादि उपयुक्त द्रव्यें पुढील नलिकांतून पुनः रक्तांत शोषिलीं जातात आणि अखेरीस दीड लिटरच्या आसपास मूत्र उरतें. निरोगी गाळणी रक्तांतील पेशी व मोठ्या आकाराचीं प्रथिनें सहसा बाहेर जाऊं देत नाहीं. साखर गाळली जाते, पण ती परत घेतली जाते. म्हणून मूत्रांत रक्त, प्रथिन किंवा साखर दिसली, कीं गाळणींत, नलिकेंत किंवा पुढील मार्गांत कांहीं घडलें आहे काय, हा प्रश्न उत्पन्न होतो. मात्र प्रश्न उत्पन्न होणें निराळें आणि त्याचें उत्तर मिळणें निराळें.

मूत्रावरून रोग ओळखण्याचा प्रयत्न फार प्राचीन आहे. चरकसंहितेंत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून, अशा रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेंही लक्षण नोंदलेलें आहे. युरोपांत १६७४ मध्यें टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें मधुमेही मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला. पुढें १७७६ मध्यें लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननें तें मूत्र आटवून मागें साखरच उरते हें दाखविलें. १८२७ मध्यें लंडनच्या गायज् रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं, अंगावर सूज असलेल्या ज्या रोग्यांचें मूत्र तापविलें असतां अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें गोठतें, त्यांचीं मूत्रपिंडें विकृत झालेलीं असतात, हा संबंध प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेनेडिक्टचें निळें द्रावण दवाखान्यादवाखान्यांतून परिचित झालें. तें मूत्राबरोबर उकळलें म्हणजे साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी रंग येत असे. १९५६ मध्यें आल्फ्रेड व हेलन फ्री या अमेरिकन रसायनज्ञ दांपत्याच्या संशोधनांतून साखर ओळखणारी कागदी पट्टी बाजारांत आली, आणि मूत्रपरीक्षा चुलीवरून उतरून बोटांच्या चिमटींत आली.

आजच्या नित्याच्या परीक्षेचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे रंग, गढूळपणा इत्यादि डोळ्यांनीं दिसणाऱ्या गोष्टी. दुसरा भाग म्हणजे पट्टीची परीक्षा. या पट्टीवर निरनिराळ्या रसायनांचे आठ-दहा चौकोन असतात. ती मूत्रांत बुडवून काढली, कीं प्रत्येक चौकोनाचा रंग ठराविक वेळानें नमुन्याच्या रंगांशीं ताडून पाहतात. तिसरा भाग म्हणजे मूत्र यंत्रांत फिरवून खालीं बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें. तांबड्या पेशी किती, पू-पेशी किती, स्फटिक आहेत काय, हें तेथें डोळ्यांनीं पाहून मोजतात. पट्टीचें काम पहारेकऱ्याचें आहे. तिनें हटकलेला प्रत्येक इसम चोर नसतो, आणि तिच्या समोरून कधीं कधीं चोरही निसटतो.

हें प्रत्यक्ष कसें घडतें याचीं कांहीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. पट्टीवरील रक्ताचा चौकोन खरोखर रक्तपेशी पाहत नाहीं, तर पेशींतील लोहयुक्त रंजकद्रव्याच्या क्रियेनें तो रंग बदलतो. फार मोठ्या श्रमानें किंवा अपघातानें स्नायूंस इजा झाली, तर स्नायूंतील तसलेंच द्रव्य मूत्रांत उतरतें. अशा वेळीं पट्टी ‘रक्त’ म्हणते, पण सूक्ष्मदर्शकाखालीं तांबडी पेशी सांपडत नाहीं. उलट ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणांत घेणाऱ्या माणसाच्या मूत्रांत रक्त किंवा साखर असूनही पट्टी गप्प राहूं शकते. प्रथिनाचा चौकोन मुख्यतः अल्ब्युमिन ओळखतो. कांहीं रक्तविकारांत निघणारीं निराळ्या जातीचीं प्रथिनें त्याच्या नजरेंतून सुटतात. मूत्र फार अल्कधर्मी असेल, तर प्रथिन नसतांही चौकोन हिरवा होतो. पट्ट्यांच्या डबीचें झांकण उघडें राहून त्यांना दमट हवा लागली तरीही उत्तरें बिघडतात.

शिवाय येथें एक साधा हिशेबही ध्यानांत घेतला पाहिजे. समजा, परस्परांशीं संबंध नसलेल्या दहा परीक्षा आहेत, आणि प्रत्येक परीक्षेंत शंभर निरोगी माणसांपैकीं पांच माणसें निष्कारण ‘सदोष’ ठरतात. तर दहाही परीक्षांत निर्दोष उतरणारीं माणसें शंभरांत सुमारें साठच निघतील. उरलेल्या चाळीसांच्या कागदावर कोठें ना कोठें एक खूण असणारच. प्रत्यक्ष मूत्रपरीक्षेचें गणित इतकें सरळ नसलें, तरी तत्त्व तेंच आहे. निरोगी माणसांच्या पुष्कळ गोष्टी एकदम तपासल्या, कीं कांहीं खुणा केवळ योगायोगानें पदरांत पडतात.

तेव्हां अनपेक्षित खूण दिसल्यावर विचारावयाचे प्रश्न तीन. नमुना योग्य रीतीनें घेतला होता काय? त्या वेळीं शरीर नेहमींच्या स्थितींत होतें काय? आणि ही खूण पुनः तपासल्यावर टिकते काय? या तीन प्रश्नांनीं पुष्कळशा भीतीचें निरसन होतें. ज्या खुणा उरतात त्यांचा मात्र शेवटपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

नमुन्याचें महत्त्व घरोघर कमी लेखलें जातें. औषधाची धुतलेली जुनी बाटली, पहांटे घेऊन दुपारीं पोहोंचविलेलें मूत्र, घाईघाईनें धरलेली पहिली धार, या सर्वांचा परिणाम अहवालावर होतो. आपल्याकडील उष्ण हवेंत मूत्र तसेंच राहिलें, कीं त्यांतील जंतु झपाट्यानें वाढतात, साखर असल्यास ती ते खाऊं लागतात आणि पेशी फुटून जातात. थंडाव्यांत ठेवलें तर स्फटिक तयार होतात, पण इतर बिघाड मंदावतो. म्हणून नमुना दोन तासांच्या आंत तपासला जावा, आणि तसें शक्य नसेल तर तो शीतकपाटांत ठेवावा, हा नियम आहे. पहिली धार सोडून देऊन मधली धार प्रयोगशाळेनें दिलेल्या स्वच्छ डबींत घ्यावी. स्त्रियांनीं अगोदर तो भाग पाण्यानें स्वच्छ करावा, आणि मासिक पाळीच्या दिवसांत नित्याची तपासणी शक्य तर पुढें ढकलावी. अहवालांत ‘एपिथेलियल पेशी पुष्कळ’ असा शेरा असेल, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, कीं बाहेरील त्वचेवरच्या पेशी नमुन्यांत मिसळल्या आहेत. अशा नमुन्यांतील पू-पेशींवर किंवा जंतूंवर विसंबून निर्णय करूं नये, नवा नमुना द्यावा.

आतां एकेक खूण घेऊं.

अल्ब्युमिनची खूण सर्वांत अधिक घाबरविणारी. पट्टीवरील एक अधिक म्हणजे १०० मिलिलिटर मूत्रांत सुमारें ३० मिलिग्रॅम प्रथिन. पण हें मोजमाप मूत्र किती दाट आहे यावर अवलंबून असतें. पाणी कमी पिऊन लघवी दाट झाली, तर थोडेंसें प्रथिनही अधिक दिसतें. याखेरीज ताप, भारी व्यायाम, धांवपळ, कडाक्याची थंडी किंवा मनावरील मोठा ताण यांमुळें निरोगी मूत्रपिंडांतूनही तात्पुरतें प्रथिन उतरतें आणि कारण दूर होतांच नाहींसें होतें. वाढत्या वयाच्या मुलांत व तरुणांत आणखी एक विशेष प्रकार आढळतो. दिवसभर उभें राहिलें, चाललें फिरलें, कीं मूत्रांत प्रथिन येतें. रात्रभर आडवें पडल्यावर सकाळच्या पहिल्या लघवींत तें नसतें. हा रोग नव्हे. तिशीनंतर हा प्रकार क्वचितच राहतो. तो ओळखण्याची युक्ति सोपी आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं मूत्राशय रिकामें करावें आणि सकाळीं उठल्याबरोबर पहिलें मूत्र तपासणीस द्यावें. तें शुद्ध निघालें व दिवसाचें सदोष निघालें, तर उलगडा झाला.

परंतु सकाळच्या मूत्रांतही अल्ब्युमिन असेल, तर तें मोजलें पाहिजे. यासाठीं चोवीस तासांचें मूत्र सांठविण्याची आतां सहसा गरज पडत नाहीं. एकाच नमुन्यांतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांचें गुणोत्तर काढतात, म्हणजे मूत्राच्या दाट-पातळपणाचा प्रश्न मिटतो. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागें ३० मिलिग्रॅमपेक्षां कमी अल्ब्युमिन हें सामान्य समजतात. त्याहून अधिक प्रमाण तीन महिने टिकून राहिलें, तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार आहे असें मानून रक्तदाब, रक्तांतील साखर आणि क्रिएटिनीन यांची तपासणी व उपचार करावे लागतात. मधुमेही व रक्तदाबाच्या माणसांनीं ही तपासणी दरवर्षीं करून घेण्याचें कारण हेंच आहे. मूत्रपिंड फार काळ तक्रार करीत नाहीं, आणि अल्ब्युमिन ही त्याची पहिली कुजबूज असते. ती वेळेवर ऐकली तर विकाराची गति मंद करणारीं औषधें आज उपलब्ध आहेत.

साखरेची खूण निराळ्या प्रकारें वाचावी लागते. रक्तांतील साखर १०० मिलिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, म्हणजे नलिकांना ती सगळी परत घेणें झेपत नाहीं आणि ती मूत्रांत सांडते. म्हणून मूत्रांतील साखर बहुधा मधुमेहाची सूचना असते, आणि तिच्यामागोमाग रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. उपाशीपोटीं १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर, अथवा ग्लायकेटेड हिमोग्लोबिन ६·५ टक्के किंवा अधिक, हें मधुमेहाचें प्रमाण मानतात. लक्षणें नसल्यास त्याचीही दुसऱ्या परीक्षेनें खात्री करून घेतात. परंतु कांहीं घराण्यांत नलिकांचा हा बंधाराच जन्मतः उणा असतो. रक्तांतील साखर अगदीं योग्य असूनही ती मूत्रांत उतरते, आणि त्यापासून सहसा अपाय होत नाहीं. गरोदरपणांतही हा बंधारा खालीं येतो. शिवाय डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखीं नवीं औषधें मुद्दामच साखर मूत्रावाटे बाहेर घालवितात. तीं घेणाऱ्याच्या अहवालावर साखरेचीं तीन-चार अधिक चिन्हें दिसलीं, तर तो त्या औषधाचाच परिणाम होय. याची दुसरी बाजूही विसरूं नये. मूत्रांत साखर नाहीं म्हणून मधुमेह नाहीं, असें मुळींच ठरत नाहीं. बंधाऱ्याच्या खालीं, परंतु अपायकारक उंचीवर, साखर वर्षानुवर्षें राहूं शकते.

कीटोन हें नांव ऐकून पुष्कळजण दचकतात. अन्नांतून साखर मिळेनाशी झाली, कीं शरीर चरबी जाळूं लागतें, आणि त्या ज्वलनांतून हीं द्रव्यें निघतात. एकादशीचा किंवा नवरात्राचा निर्जळी-निराहार उपास, वांत्या, अतिशय कमी पिष्टमय आहार यांनंतर ‘कीटोन, एक अधिक’ दिसणें हें स्वाभाविक आहे. जेवण सुरू झालें म्हणजे तें जातें. मात्र मधुमेही माणसास वांत्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास लागला असून मूत्रांत कीटोन पुष्कळ असतील, तर तो तांतडीचा प्रसंग समजून रुग्णालय गांठावें. वर सांगितलेलीं नवीं औषधें घेणाऱ्यांत तर रक्तांतील साखर फारशी वाढलेली नसतांही हा धोका संभवतो.

यानंतर पू-पेशी. घरगुती गैरसमज आणि औषधांचा दुरुपयोग येथें सर्वांत अधिक होतो. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रांत पांच-सहा पू-पेशी दिसल्या, कीं ‘इन्फेक्शन’ असा शब्द उच्चारला जातो आणि जंतुनाशक गोळ्या सुरू होतात. वास्तविक थोड्या पू-पेशी निरोगी मूत्रांतही असतात, आणि पाळीच्या सुमारास किंवा नमुना नीट न घेतल्यामुळें त्या वाढलेल्या दिसतात. लघवीस जळजळ, वारंवार घाई, ओटीपोटांत दुखणें, थंडी वाजून ताप, यांपैकीं एकही लक्षण नसतांना मूत्रांत जंतु सांपडले तरी बहुतेक माणसांना औषधाची गरज नसते. वयस्क स्त्रियांच्या मूत्राशयांत असे निरुपद्रवी जंतु पुष्कळदां वसतीस असतात. त्यांना मारण्याच्या भरीस पडलें, तर लाभ होत नाहीं. उलट गोळ्यांना दाद न देणारे जंतु मात्र मागें उरतात, आणि खरें दुखणें येतें तेव्हां तेंच औषध निरुपयोगी ठरतें. या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. गरोदर स्त्रीच्या मूत्रांत जंतु निश्चित झाले, तर लक्षणें नसलीं तरी उपचार करतात, कारण तसें न केल्यास मूत्रपिंडाचा दाह होण्याचा संभव असतो. तसेंच मूत्रमार्गावर, आंतील त्वचेस इजा होईल अशी शस्त्रक्रिया करावयाची असल्यास अगोदर जंतूंचा बंदोबस्त करतात. औषध द्यावयाचें ठरलेंच, तर पहिली गोळी घेण्यापूर्वीं ‘कल्चर’साठीं मूत्र पाठविणें श्रेयस्कर. जंतु कोणता आणि कोणत्या औषधास वश होईल, हें त्यावरून कळतें.

पू-पेशींचा आणखी एक प्रकार भारतांत विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. वारंवार तपासूनही मूत्रांत पू दिसतो, परंतु साध्या कल्चरमध्यें जंतु उगवत नाहींत. नुकत्याच घेतलेल्या जंतुनाशक औषधानें, मुतखड्यानें व इतर कारणांनीं हें घडतें, पण मूत्रपिंडाचा क्षय हेंही त्याचें एक कारण आहे. क्षयाचे जंतु नेहमींच्या कल्चरमध्यें वाढत नाहींत, त्यांच्यासाठीं निराळी परीक्षा सांगावी लागते. अशा रोग्यास एकामागून एक गोळ्या बदलून देण्यांत अमूल्य महिने वायां जातात.

आतां रक्ताची खूण. तिच्या बाबतींत दोन प्रकार काटेकोरपणें वेगळे केले पाहिजेत. एक, डोळ्यांस न दिसणारें, केवळ पट्टीवर किंवा सूक्ष्मदर्शकाखालीं आढळलेलें रक्त, आणि दुसरें, डोळ्यांना दिसलेलें रक्त. पहिल्या प्रकारांत पट्टीच्या साक्षीवर न थांबतां सूक्ष्मदर्शकाची साक्ष घ्यावी. एका क्षेत्रांत तीन किंवा अधिक तांबड्या पेशी असल्या तरच ती खूण ग्राह्य मानतात. पाळीचे दिवस, लांब पल्ल्याची धांव, जंतुदोष अशीं कारणें असल्यास तीं दूर झाल्यावर पुनः तपासतात. खूण टिकली, तर रक्तदाब, क्रिएटिनीन व अल्ब्युमिन पाहून गाळणीचा विकार आहे काय हें ठरवितात. मुतखडा, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथि आणि मूत्राशय यांचीही वयानुसार चौकशी होते.

दुसरा प्रकार मात्र कोणत्याही सबबीवर टाळण्याजोगा नाहीं. लघवींतून डोळ्यांना दिसेल असें रक्त गेलें, विशेषतः वेदनेवांचून गेलें, तर तें एकदांच गेलें असलें आणि आपोआप थांबलें असलें तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे. मूत्राशयाच्या कर्करोगाचें हें सर्वांत परिचित पहिलें लक्षण आहे, आणि धूम्रपान हें त्या रोगाचें प्रमुख कारण आहे. या रोगांतील रक्तस्राव सतत नसतो. तो मधून मधून होतो आणि थांबतो. म्हणून रंग निवळला याचा अर्थ रोग निवळला असा होत नाहीं. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत, हेंही पुरेसें स्पष्टीकरण मानूं नये, त्या माणसाचीही पूर्ण तपासणी करावी. अर्थात् प्रत्येक तांबडा रंग रक्ताचा नसतो. बीट खाल्ल्यानें लघवी गुलाबी होते, क्षयावरील रिफॅम्पिसिननें ती नारिंगी-तांबडी होते. परंतु तें रक्त आहे कीं रंग, हें ठरविण्याचें काम घरच्या तर्कावर न सोडतां त्याच दिवशींच्या एका साध्या परीक्षेवर सोडावें.

स्फटिकांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. कॅल्शियम ऑक्झलेट किंवा युरिक आम्लाचे थोडे स्फटिक निरोगी माणसाच्या मूत्रांतही दिसतात. पालक, टोमॅटो यांचें भोजन, कमी पाणी आणि गार पडलेला नमुना एवढेंही त्यांस पुरतें. कंबरेंतून जांघेकडे जाणारी कळ किंवा पूर्वींचा मुतखडा नसेल, तर दिवसाचें पाणी वाढविणें यापलीकडे सहसा कांहीं करावें लागत नाहीं. युरोबिलिनोजेन अल्प प्रमाणांत असणें हेंही स्वाभाविकच आहे. पण ‘बिलिरुबिन’ किंवा ‘पित्त-रंजक’ या शब्दापुढें अधिक चिन्ह असेल, तर यकृताची तपासणी करून घ्यावी, कारण निरोगी मूत्रांत तें सांपडत नाहीं.

कांहीं प्रसंगीं दुसऱ्या नमुन्याची वाट पाहत बसणें धोक्याचें असतें. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आणि मूत्रांत अल्ब्युमिन, अथवा त्या काळांत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा पोटाच्या वरच्या भागांत दुखणें, हीं आई व मूल या दोघांच्याही जिवास धोका असल्याचीं चिन्हें आहेत. सकाळीं उठतांना डोळ्यांभोंवतीं सूज, पायांवर सूज, फेसाळ लघवी आणि रक्तदाब वाढलेला असेल, तर गाळणीचा दाह सुरू आहे काय हें त्वरित पाहावें लागतें. थंडी वाजून ताप व कुशींत दुखणें, लघवी अडणें किंवा अगदीं कमी होणें, रक्ताच्या गांठी जाणें, यांपैकीं कांहींही असल्यास तें प्रकरण त्याच दिवशीं डॉक्टरांपुढें गेलें पाहिजे.

इतर वेळीं मात्र घाईचें कारण नसतें. डॉक्टरांकडे जातांना मूळ अहवाल, जुने अहवाल असल्यास तेही, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. त्या यादींत जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काढे आणि कोणी सुचविलेलीं चूर्णेंही असावींत. नमुना देण्याच्या आदल्या दोन दिवसांत ताप, उपास, व्यायाम, प्रवास किंवा पाळी होती काय, हें आपण होऊन सांगावें. घराण्यांत मधुमेह, रक्तदाब, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तेंही सांगावें. पांच मिनिटांच्या या माहितीनें पुष्कळदां महागड्या तपासण्यांचा खर्च वांचतो.

आरंभींच्या तरुणानें डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आठवडाभरानें, धांवपळ न करतां, सकाळचें पहिलें मूत्र दिलें आणि त्यांत अल्ब्युमिन निघालें नाहीं, तर त्याचें दुखणें कागदापुरतेंच होतें असें म्हणतां येईल. रक्तदाब पाहून डॉक्टर त्याला निर्धास्तपणें कामावर पाठवतील. निघालें असतें, तर ज्या विकाराचा पत्ता एरवीं दहा वर्षांनीं लागला असता, तो आजच हातीं लागला असता. पुनः तपासण्यांत त्याचें नुकसान कोणत्याही बाजूनें नव्हतें. त्या साठीच्या गृहस्थांच्या घरीं मात्र अजून तपासणीच झालेली नाहीं. धने-जिऱ्याचें पाणी देण्यास हरकत नव्हती. पण त्या पेल्याबरोबरच प्रयोगशाळेची डबीही त्यांच्या हातीं द्यावयास हवी होती, आणि घरांतील कोणी तरी त्यांस हाताशीं धरून डॉक्टरांकडे नेलें पाहिजे होतें. रंग निवळला असला, तरी अद्याप वेळ गेलेली नाहीं. त्यांना उद्यां सकाळीं न्यावें.